लुकलुकत्या एलईडीची पार्श्वभूमी : काटकसर अंधारात असते

सेलवर महिनोन् महिने लुकलुकणारा एलईडी बनवताना खरा प्रश्न दिवा पेटवण्याचा नसतो. दोन लुकलुकींच्या मधल्या काळात सर्किट किती वीज खातं, हा असतो. हा विचार एलईडीच्या खूप आधीचा आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या किनाऱ्यावरचे एकाकी दीप ॲसिटिलीन वायूवर जळत. सिलिंडर बदलायला माणसाला बोटीनं जावं लागे. गुस्ताफ दालेन यांनी वायू थोडाथोडा सोडणारी झडप बनवली. ज्योत क्षणभर भडके, मग बराच वेळ अंधार. १९०७च्या सुमारास त्यांनी दिवसा दिवा आपोआप बंद करणारी ‘सूर्यझडप’ जोडली आणि दोन्ही मिळून ९० टक्क्यांहून जास्त वायू वाचू लागला. १९१२चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. कमी ऊर्जेच्या फ्लॅशरचा मूळपुरुष मी त्यांनाच मानतो.

फ्लॅश किती वेळ असावा, याचं उत्तरही अशाच दिव्यांच्या अभ्यासातून आलं. ब्लोंडेल आणि रे या फ्रेंच अभ्यासकांनी १९११मध्ये लुकलुकत्या दिव्याचं डोळ्याला जाणवणारं तेज मोजण्याचं सूत्र मांडलं. साधारण ०.१ सेकंदापर्यंत डोळा आलेला प्रकाश जणू साठवत जातो. त्यापुढे दिवा पेटता ठेवला तर खर्च वाढतो, जाणवणारं तेज मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणूनच लुकलुक थोडक्यात आटोपायची.

लुकलुक घडवणारं मल्टिव्हायब्रेटर सर्किट आंरी आब्राम आणि यूजेन ब्लोक यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) वापरून तयार केलं. (दुसऱ्या महायुद्धात या दोघांचाही अंत आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत झाला; सर्किट शिकवताना हे सांगितलं जावं, असं मला वाटतं.) कॉलेजात आपण करतो ती त्याची दोन ट्रान्झिस्टरची आवृत्ती. तिच्यात एक ना एक ट्रान्झिस्टर कायम चालू असतो, म्हणजे एलईडी विझलेला असतानाही करंट वाहतच राहतो. १९७२मध्ये बाजारात आलेल्या ५५५ या टायमर आयसीची (चिपची) अडचणही हीच: ५ व्होल्टवर स्वतःलाच सुमारे ३ मिलीअँपिअर लागतात. २००० मिलीअँपिअर-तासांचे पेन्सिल सेल त्यावर महिनाभरही टिकत नाहीत. पुढे सीमॉस या कमी वीज खाणाऱ्या पद्धतीनं बनवलेल्या ७५५५ या त्याच्या भावंडानं हा खर्च मायक्रोअँपिअरमध्ये (मिलीअँपिअरचा हजारावा भाग) आणला.

पण मला सर्वांत देखणा वाटतो तो १९७०च्या दशकातला नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीचा एलएम३९०९ हा एलईडी लुकलुकवणारा आयसी. लाल एलईडीला साधारण १.७ व्होल्ट हवेत आणि सेल दीड व्होल्टचा. मग तो पेटणार कसा? या आयसीला जोडलेला, वेळ मोजणारा कपॅसिटरच (वीज साठवणारा भाग) आधी चार्ज होतो आणि फ्लॅशच्या क्षणी सेलच्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडला जातो. दोघांचे व्होल्ट मिळून एलईडी झटक्यात पेटतो. बाहेरून जोडायचा तो फक्त एलईडी, कपॅसिटर आणि सेल. सरासरी खर्च अर्ध्या मिलीअँपिअरच्या आसपास, म्हणून मोठ्या डी सेलवर तो वर्षाहून अधिक चाले. त्याचं उत्पादन कधीच बंद झालं, पण सुट्या ट्रान्झिस्टरांनी त्याची नक्कल करणारे हौशी आजही आहेत.

निळे आणि पांढरे एलईडी आल्यावर गरज ३ व्होल्टच्या आसपास गेली. दीड व्होल्टच्या सेलवर ते पेटवायला कॉइलनं व्होल्ट वाढवणारी ‘जूल थीफ’सारखी सर्किटं लोकप्रिय झाली.

आज बहुतेक जण छोटा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम करता येणारी चिप) घेतात. तो झोपलेला असताना काही मायक्रोअँपिअरच घेतो. हिशेब सोपा आहे: लाल एलईडीला ५ मिलीअँपिअर, १० मिलीसेकंद, दर दोन सेकंदांनी, म्हणजे सरासरी २५ मायक्रोअँपिअर. त्यात झोपेतले ५ धरले तर ३०. सीआर२०३२ बटन सेलची क्षमता सुमारे २२० मिलीअँपिअर-तास, म्हणजे कागदावर दहा महिने. लुकलुक चार सेकंदांनी एकदा केली, तर तोच सेल सतरा महिन्यांच्या आसपास जातो.