मोबाईलवर वायफाय सारखं तुटतंय? तक्रार नोंदवायच्या आधी एवढं बघा

नमस्कार, "नेट चालत नाहीये" असा फोन आला की आम्ही आधी एकच विचारतो, प्रॉब्लेम एकाच मोबाईलला आहे की घरातल्या सगळ्यांना? टीव्ही चालतोय, बाकीच्यांचे फोन चालतायत आणि एकच अडतोय, तर गडबड त्या हँडसेटमध्ये आहे, मग आमच्या माणसाने येऊन लाइन कितीही तपासली तरी हाताला काही लागत नाही आणि तुमचा दिवस फुकट जातो.

सगळंच बंद असेल तर मोबाईलची सेटिंग्ज उचकू नका, आधी फायबरच्या डब्याकडे बघा. एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर लाइनमधून सिग्नलच येत नाहीये, बाहेर वायर तुटलेली असते नाहीतर कपाट सरकवताना घरातली पातळ वायर दुमडलेली असते. ती ओढून सरळ करायला जाऊ नका प्लीज, आत काच असते, लगेच आम्हाला कळवा.

दिवे ठीक आहेत? मग फोन घेऊन राउटरच्या जवळ उभे राहा. तिथे मस्त चालतंय आणि बेडरूममध्ये गेलं की तुटतंय, म्हणजे रेंजचा मामला आहे. बऱ्याच घरांत राउटर टीव्हीच्या मागे नाहीतर चपलांच्या कपाटात कोंबलेला असतो, दिसायला बरं दिसतं पण लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, आरसीसीची भिंत हे सगळं सिग्नल अडवतं. शक्य तितका घराच्या मध्याकडे, उंचावर, मोकळा ठेवा. वायर कमी पडत असेल तर सांगा, वाढवून देऊ.

तुमच्या राउटरवर 2.4 आणि 5 (गिगाहर्ट्झ, म्हणजे वायफायचे दोन पट्टे) अशी दोन नावं दिसत असतील तर हॉलमध्ये 5 वापरा, आतल्या खोल्यांत 2.4. पाचवाला फास्ट आहे पण एक-दोन भिंतींत दम तोडतो. 2.4 लांब जातो पण तिथे गर्दी फार, शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ सगळं त्याच पट्ट्यात, आणि मायक्रोवेव्हसुद्धा साधारण 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे दूध गरम करताना व्हिडिओ कॉल अडकला तर तो भास नाही. 2.4 मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल (पट्ट्यातल्या वाटा) तीनच, 1, 6 आणि 11, त्यामुळे मोठ्या सोसायटीत रात्री जास्त त्रास होतो. चॅनल आम्ही बदलून देतो, फक्त सांगा.

आता एकच फोन अडतोय त्याचं. वायफाय बंद-चालू करा, फोन रीस्टार्ट करा, नाही जमलं तर नेटवर्क फरगेट करून पासवर्ड पुन्हा टाका. बॅटरी सेव्हर, नेटची वाट बदलणारं व्हीपीएन, साइटचा पत्ता शोधून देणारं प्रायव्हेट डीएनएस चालू असेल तर बंद करून बघा, तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर आहे ना तेही बघा, कारण तारीख चुकली की वायफाय जोडलेलं दिसतं पण साइट उघडत नाहीत. अँड्रॉइड 10 पासूनचे फोन आणि आयफोन आयओएस 14 पासून वायफायला फोनची ओळख सांगणारा खरा मॅक अ‍ॅड्रेस देत नाहीत, बनवलेला देतात. तुम्ही राउटरवर ठराविक मोबाईललाच परवानगी ठेवली असेल तर ओळखीचाच फोन त्याला परका वाटतो, अशा वेळी फोनमध्ये त्या नेटवर्कच्या प्रायव्हसीत जाऊन हा बनवलेला पत्ता देणं बंद करा. सगळ्यात शेवटी रीसेट नेटवर्क सेटिंग्ज. त्याने फोटो जात नाहीत, पण साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात, ऑफिसचा वगैरे पासवर्ड आधी लिहून ठेवा.

राउटर स्विचवरून बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करायला काहीच हरकत नाही. पण मागच्या बारीक भोकात पिन मात्र घालू नका, त्यात तुमच्या कनेक्शनचा युजरनेम-पासवर्ड उडतो आणि मग आम्ही येईपर्यंत सगळ्या घराचं नेट बंद.

एवढं करूनही तुटत असेल तर बिलावरच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा, कुठला मोबाईल, कुठल्या खोलीत, साधारण किती वाजता, आणि दिव्यांचा एक फोटो, म्हणजे आमचा माणूस लागणारं सामान घेऊनच येईल.