स्टुटगार्टमध्ये भाकरी मिळत नाही, पण राय मिळते

मास्टर्सला किंवा गाड्यांच्या कंपनीत नोकरीला म्हणून आपली बरीच मुलं जर्मनीतल्या स्टुटगार्टला जातात (१९६८ पासून मुंबईचं ते सिस्टर सिटी आहे, बहुतेकांना हे तिकडे गेल्यावरच कळतं) आणि सुरुवातीला जेवणाचे दोनच प्रकार होतात, एकतर टोस्ट, पास्ता, फ्रोझन पिझ्झा, नाहीतर इंडियन स्टोअरमधले फ्रोझन पराठे. एकाला 'इथलं' म्हणायचं, दुसऱ्याला 'घरचं', पण दोन्हीत मैदाच जास्त आणि फायबर नावापुरतं.

फायबर कमी पडलं की नुसतं पोट साफ होत नाही एवढंच नसतं, मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया त्याच्यावरच जगतात आणि त्यातून जे ब्युटिरेट नावाचं ॲसिड तयार करतात त्यावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी चालतात. २०१८ मध्ये मिनेसोटा युनिव्हर्सिटीच्या टीमचा एक अभ्यास आला होता, थायलंडमधून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग आणि कारेन लोकांवर, ५०० च्या वर माणसं होती. तर तिकडे गेल्यावर काही महिन्यांतच त्यांच्या पोटातले बॅक्टेरिया बदलायला लागले, चिवट तंतू फोडणारे प्रेव्होटेला कमी होत गेले आणि बॅक्टेरॉइड्स वाढले. सगळा दोष खाण्याचाच असं त्या टीमनेही म्हटलं नाही, पण आपल्या हातात तेवढंच आहे ना.

मग भाकरीच्या जागी काय, तर राय, म्हणजे गव्हासारखंच एक धान्य, त्याचा ब्रेड. ब्रेडच्या रॅकसमोर उभं राहिलात की रंगाला भुलू नका, काळपटपणा पुष्कळदा माल्टचा असतो. पाकिटावर 'फोलकॉर्नब्रोट' असेल तर किमान ९० टक्के अख्खं धान्य असावं लागतं, तसा तिथला नियमच आहे, आणि 'मेअरकॉर्न' म्हणजे फक्त तीन किंवा जास्त धान्यं, बाकी मैदा असला तरी चालतं. रायच्या फोलकॉर्नमध्ये १०० ग्रॅमला साधारण ८ ग्रॅम फायबर, व्हाइट टोस्टमध्ये ३ च्या आसपास, आणि दिवसाला हवं ३० ग्रॅम. चव आंबट लागते कारण पीठ आंबवलेलं असतं, त्या आंबटपणात धान्यातलं लोह, झिंक अडवून धरणारं फायटिक ॲसिड तुटतं आणि ते अंगी लागतं. पण पहिल्याच आठवड्यात अर्धा ब्रेड संपवू नका, गॅसने हैराण व्हाल, हळूहळू वाढवा आणि पाणी प्या.

डाळीचं म्हणाल तर तो सगळा भागच मसूर खाणारा आहे! 'लिन्झन मिट श्पेट्झ्ल' म्हणजे व्हिनेगर घातलेली दाटसर मसूर आणि अंड्याच्या पिठाच्या जाडसर शेवया, म्हणजे डाळीतलं लायसिन आणि गव्हातलं मेथिओनिन (प्रोटीनचे दोन घटक, एकात कमी ते दुसऱ्यातून मिळतं), आपल्या वरण-भाताचंच गणित. व्हेज असाल तर आधी विचारा, डाळीत बेकन आणि वर सॉसेज हमखास असतं. तिथल्या डोंगराळ भागातलं मसुराचं जुनं वाण तर हरवलंच होतं, २००६ मध्ये त्याचं बी सेंट पीटर्सबर्गच्या बियाणे बँकेत सापडलं, आता परत पिकतं. घरी करायला सुपरमार्केटमधली 'रोटे लिन्झन' घ्या, ती आपली मसूर डाळच, कुकरशिवाय पंधरा मिनिटांत शिजते, वरून लिंबू पिळा म्हणजे लोह नीट शोषलं जातं.

मागरक्वार्क, म्हणजे फॅट काढलेल्या दुधाचा चक्क्यासारखा प्रकार, आपले लोक श्रीखंडासाठी आणतात, पण नुसतं मीठ-जिरं घालूनही मस्त लागतं, १०० ग्रॅमला १२ ग्रॅम प्रोटीन आणि फॅट जवळजवळ नाहीच. त्याच्या शेजारच्या फ्रूट योगर्टमध्ये मात्र साखर बघून घ्या.

एक गोष्ट खाऊन भागत नाही, ती म्हणजे व्हिटॅमिन डी. पुणे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर, स्टुटगार्ट जवळजवळ ४९ वर, त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च ऊन दिसलं तरी त्यातलं यूव्हीबी (कातडीत डी तयार करणारे किरण) पुरत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर ते जास्तच लागतं. अमेरिकेसारखं दुधात डी घालायची पद्धतही तिथे नाही. ऊन नसेल तेव्हा दिवसाला २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० युनिट, असं तिथली न्यूट्रिशन सोसायटी सांगते, पण इकडून ६०,००० ची पाकिटं नेऊन मनाने घेत बसू नका, आधी डॉक्टरला विचारा आणि गरज असेल तर लेव्हल बघा, त्यातच शुद्ध शाकाहारी असाल तर बी-१२ पण.