‘एक्सप्लेन मी’ चुकीचे, मग ‘गिव्ह मी’ बरोबर कसे?

निपाणीपासून खानापूरपर्यंत सीमाभागातील कोणत्याही मराठी शाळेत इंग्रजीच्या तासाला हमखास ऐकू येणारे एक वाक्य आहे: ‘सर, प्लीज एक्सप्लेन मी धिस सम’. शिक्षक लगेच दुरुस्ती सुचवतात की, ‘एक्सप्लेन धिस सम टु मी’ असे म्हणावे. विद्यार्थी ती दुरुस्ती मान्य करतो, परंतु ‘गिव्ह मी’, ‘टेल मी’, ‘शो मी’ हे सगळे चालत असताना ‘एक्सप्लेन’लाच ‘टु’ कशासाठी हवा, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. याचे उत्तर एखाद्या नियमात सापडत नाही. त्यासाठी इंग्रजी क्रियापद आपल्या शेजारी कोणाला आणि कोणत्या क्रमाने बसू देते, हे पाहावे लागते.

मराठीत ही अडचण जवळजवळ उद्भवतच नाही. ‘मला पुस्तक दे’, ‘पुस्तक मला दे’, ‘दे मला पुस्तक’ यांपैकी काहीही म्हटले तरी पुस्तक कोणाला मिळणार हे ‘ला’ या प्रत्ययातून कळते आणि क्रम बदलल्याने केवळ भर बदलतो. कन्नडमध्येही ‘ननगे पुस्तक कोडु’ या वाक्यात तेच काम ‘गे’ करतो. त्यामुळे बेळगावातील मूल घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलताना शब्दांची जागा न बदलता केवळ शब्द बदलते. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावातील मराठी, कन्नड आणि उर्दू यांचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञ जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. शतकानुशतकांच्या शेजारामुळे या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की, एका भाषेतील वाक्याचा घटकास घटक लावून दुसऱ्या भाषेत अनुवाद करता येत असे. सीमेच्या अलीकडे राहणाऱ्यांना यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

या दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि संबंधदर्शक शब्द नामाच्या मागे लागतो: ‘माझ्याकडे’, ‘टेबलावर’. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी ३० भाषांची तुलना करून १९६३ मध्ये दाखवून दिले की, क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत संबंधदर्शक शब्दही बहुतांशी नामामागे येतात. इंग्रजीत क्रियापद मध्ये आणि प्रेपोझिशन, म्हणजे ‘टु’सारखा संबंधदर्शक शब्द, नामाच्या आधी असते. एक साम्य मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. मराठी ‘मी’ला ‘कडे’ लागताना ‘माझ्या’ हे सामान्यरूप घ्यावे लागते, तसेच ‘टु’नंतर इंग्रजी ‘आय’ टिकत नाही, त्याचे ‘मी’ (me) होते. इंग्रजी नामांनी हा रूपबदल केव्हाच टाकून दिला. सर्वनामांनी तो अजून सांभाळला आहे.

जुन्या इंग्रजीत विभक्तीची रूपे भरपूर होती. एखाद्याला पाहिले तर ‘हिने’ आणि एखाद्याला काही दिले तर ‘हिम’, अशी पुल्लिंगी सर्वनामाची दोन स्वतंत्र रूपे होती. पुढच्या काही शतकांत ‘हिने’ लोपले आणि ‘हिम’ दोन्ही कामे करू लागले. मराठीतही ‘त्याला बोलाव’ आणि ‘त्याला दे’ यांत एकच ‘त्याला’ दिसतो, तर कन्नड आजही ‘अवनन्नु करे’ आणि ‘अवनिगे कोडु’ असा भेद पाळते. म्हणजे या एका बाबतीत कन्नड जुन्या इंग्रजीसारखी आणि मराठी आजच्या इंग्रजीसारखी आहे. फरक इतकाच की, मराठीने ‘ला’ हा प्रत्यय तरी राखला. इंग्रजी नामांजवळ काहीच उरले नाही आणि देणारा कोण, घेणारा कोण, वस्तू कोणती हे सांगण्याची जबाबदारी शब्दक्रमावर आणि ‘टु’सारख्या प्रेपोझिशनवर पडली. पंगतीत पाट ठरलेले असावेत, तसे क्रियापदाभोवतीचे शब्द आपापल्या जागी बसू लागले.

म्हणूनच ‘गिव्ह’ला आज दोन मांडण्या आहेत: ‘गिव्ह मी द बुक’ आणि ‘गिव्ह द बुक टु मी’. परंतु ‘एक्सप्लेन’, ‘डिस्क्राइब’, ‘सजेस्ट’, ‘डोनेट’ ही क्रियापदे पहिली मांडणी स्वीकारत नाहीत. ही क्रियापदे लॅटिन घराण्यातील असून ‘गिव्ह’, ‘टेल’, ‘सेंड’, ‘शो’ जर्मॅनिक घराण्यातील आहेत. इंग्रजी बोलणाऱ्याला अर्थातच ही वंशावळ ठाऊक नसते. त्याला ऐकू येतो तो आघात, म्हणजे उच्चारातील जोर. देशी, म्हणजे जर्मॅनिक, क्रियापदे बहुधा एकाक्षरी असतात किंवा त्यांच्या पहिल्या अवयवावर (उच्चारातील अक्षरावर) आघात असतो. ‘प्रॉमिस’ लॅटिनमधून आलेले असूनही त्याचा आघात पहिल्या अवयवावर असल्याने ‘प्रॉमिस मी’ चालते. अपवाद आहेतच, ‘असाइन’चा आघात दुसऱ्या अवयवावर असूनही त्याला दोन्ही मांडण्या चालतात.

अर्थाचीही अट आहे. पहिल्या मांडणीत वस्तू घेणाऱ्याच्या ताब्यात जाते असे ध्वनित होते. ‘आय सेंट द पार्सल टु निपाणी’ हे वाक्य निर्दोष आहे. ‘आय सेंट निपाणी द पार्सल’ मात्र निपाणी म्हणजे तेथील शाखा किंवा तेथील माणसे असा अर्थ असेल तरच पटते, कारण गाव पार्सल ‘घेत’ नाही. हे बारकावे इंग्रजी मुलांना कोणी शिकवत नाही. तीही लहानपणी ‘डोन्ट से मी दॅट’ यासारखी वाक्ये बोलतात आणि पुढे आपोआप सोडून देतात. आपली चूक सांगितली जात नसताना मूल ती सोडते कसे, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञ सी. एल. बेकर यांनी १९७९ मध्ये मांडला आणि त्यावर भाषाशास्त्रज्ञ अजून वाद घालत आहेत. तेव्हा चिकोडीच्या विद्यार्थ्याचे ‘एक्सप्लेन मी’ हे केवळ मराठीच्या प्रभावाचे फळ मानणे मला अन्यायाचे वाटते.

ज्या क्रियापदांना दोन्ही मांडण्या चालतात, तेथे निवड कशी होते? भाषाशास्त्रज्ञ जोन ब्रेस्नन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दूरध्वनीवरील संभाषणांतील प्रत्यक्ष वाक्ये तपासली. घेणारा सर्वनामाने दर्शवला आहे का, तो सजीव आहे का, त्याचा उल्लेख आधी आला आहे का, कोणता घटक लांब आहे, अशा गोष्टी विचारात घेतल्या की, बोलणाऱ्याने कोणती मांडणी निवडली हे १०० पैकी ९० हून अधिक वेळा बरोबर ओळखता आले. आखूड घटक आधी आणि लांब घटक नंतर, ही प्रवृत्ती जर्मन अभ्यासक ओटो बेहागेल यांनी १९०९ मध्येच नोंदवली होती. सर्वनाम आखूड असते, आघातहीन असते आणि ते ज्याच्याविषयी बोलते तो आधीच ठाऊक असतो. म्हणून ते क्रियापदाला बिलगून बसू पाहते.

फ्रेझल व्हर्बमध्ये, म्हणजे ‘अप’सारखा शब्द जोडून बनलेल्या क्रियापदात, ही ओढ सर्वांत स्पष्ट दिसते. ‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’ दोन्ही चालतात, पण बॅगेऐवजी ‘इट’ आले की ‘पिक इट अप’ असेच म्हणावे लागते. याउलट ‘लुक अॅट इट’ किंवा ‘वेट फॉर हिम’ यांत सर्वनाम शेवटीच राहते, कारण तेथे ‘अॅट’ आणि ‘फॉर’ ही खरी प्रेपोझिशन असून ती पुढच्या सर्वनामाची आहेत; ‘अप’ मात्र क्रियापदाचा भाग आहे. दिसायला सारखे असणारे हे दोन गट ओळखण्याची सर्वांत सोपी कसोटी सर्वनामच आहे. ‘ही रॅन अप द हिल’ म्हणजे तो टेकडी चढून गेला. तेथे ‘रॅन अप इट’ म्हणता येते. ‘ही रॅन अप द बिल’ म्हणजे त्याने उधारी वाढवली. तेथे ‘रॅन इट अप’ म्हणावे लागते. इंग्रजी वाक्याचा मुख्य आघात सामान्यतः शेवटाकडे पडतो आणि दुबळ्या ‘इट’ला तो पेलत नाही, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. बसस्थानकावर दोन भावंडे उभी असताना ‘तिला नको, त्याला घेऊन ये’ असे बजावायचे झाल्यास ‘पिक अप हिम, नॉट हर’ हे वाक्य इंग्रज माणसालाही खटकत नाही, कारण तेव्हा ‘हिम’वर भरपूर जोर दिलेला असतो.