आवाज मिसळतात तेव्हा : वृंदगान आणि सामूहिक स्मरण

27 नोव्हेंबर 1978 रोजी सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि उघडपणे समलिंगी असलेले लोकप्रतिनिधी हार्वे मिल्क यांची तिथल्या सिटी हॉलमध्ये गोळ्या झाडून हत्या झाली. त्याच रात्री हजारो लोक मेणबत्त्या घेऊन सिटी हॉलसमोर जमले. जेमतेम महिनाभरापूर्वी तालमी सुरू केलेल्या एका गायकवृंदाने तिथल्या पायऱ्यांवर उभे राहून जर्मन संगीतकार मेंडेल्सनची एक प्रार्थना गायली. सॅन फ्रान्सिस्को गे मेन्स कोरस या समलिंगी पुरुषांच्या वृंदाचे ते पहिलेच जाहीर गायन होते. पुढे एड्सच्या साथीत या वृंदाने 300 हून अधिक सदस्य गमावले आणि सहगायकांसाठीच शोकगीते गाण्याची पाळी उरलेल्यांवर आली.

अशा प्रसंगी वृंदगानच का जवळचे वाटते, याचे एक साधे कारण श्वासात आहे. रडू आले की घसा आवळला जातो, श्वास तुटतो आणि एकट्या गायकाचे गाणे तिथेच थांबते. वृंदात मात्र एका श्वासात न मावणारा लांब स्वर धरायचा असेल, तर शेजारचे गायक एकाच वेळी श्वास घेत नाहीत. प्रत्येक जण आपल्या सोयीच्या जागी हळूच थांबतो आणि तितक्याच हळू आवाजात पुन्हा सुरात शिरतो. ही सवय तालमीत मुद्दाम लावली जाते. त्यामुळे कुणाला हुंदका आला आणि तो चार मात्रा गप्प राहिला, तरी ऐकणाऱ्याला स्वर अखंडच ऐकू येतो.

या अखंड आवाजाचे ध्वनिशास्त्र मोठे मजेशीर आहे. एक गायक 440 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 440 कंपनांच्या स्वरावर, आणि दुसरा 442 हर्ट्झवर गात असेल, तर त्यांचा एकत्रित आवाज सेकंदाला दोनदा चढतो आणि उतरतो. वृंदात अशा सूक्ष्म फरकांच्या कितीतरी जोड्या एकाच वेळी असतात, शिवाय प्रत्येकाच्या स्वरातल्या थरथरीची लय निराळी असते. हे चढउतार एकमेकांत इतके मिसळतात की कानाला कोणाचा आवाज कोणता ते सांगता येत नाही आणि एक भरदार, किंचित थरथरता नाद तेवढा उरतो. सगळे आवाज तंतोतंत सारखे असते, तर तो नुसता मोठा आवाज झाला असता. एकट्याने गाताना जे कलावंत 3,000 हर्ट्झच्या आसपासची ऊर्जा वाढवून आपला आवाज उठून दिसेल असा करतात, तेच वृंदात गाताना ती कमी करतात, असे स्वीडनमधील मोजमापांत आढळले आहे.

शरीरावरचा परिणामही मोजला गेला आहे. गोथेनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले की, गाण्याच्या रचनेमुळे गायकांचे श्वास जुळले की त्यांच्या हृदयगतीचे चढउतारही बरोबरीने होऊ लागतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गायन, हस्तकला आणि सर्जनशील लेखन अशा प्रौढांच्या वर्गांची सात महिने तुलना केली. गायनवर्गातील अनोळखी माणसे सुरुवातीला अधिक झपाट्याने जवळ आली, पण अखेरीस तिन्ही प्रकारच्या वर्गांतली जवळीक सारखीच होती. गाण्याने माणसे आपोआप उदार होतात असे सांगणाऱ्यांनी हा दुसरा निष्कर्षही वाचावा. लष्करी पलटणीही एकसुरात गातात. जुळलेल्या श्वासाला आत कोण आणि बाहेर कोण हे कळत नाही, ते गाणाऱ्यांनाच ठरवावे लागते.

अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठात शिकणाऱ्या 21 वर्षांच्या मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी तरुणाला ऑक्टोबर 1998 मध्ये बेदम मारहाण करून कुंपणाला बांधून टाकण्यात आले आणि 12 ऑक्टोबरला त्याचा मृत्यू झाला. त्याच्या स्मरणार्थ अमेरिकी संगीतकार क्रेग हेला जॉन्सन यांनी रचलेली प्रदीर्घ वृंदरचना 2016 मध्ये सादर झाली. तिच्या एका भागात गायक मारेकऱ्यांना उद्देशून ‘मी तुमच्यासारखाच आहे’ असे गातात. हेच वाक्य एकट्या गायकाने उच्चारले असते, तर ते त्याची खाजगी कबुली ठरले असते किंवा मारेकऱ्यांची बाजू घेतल्यासारखे वाटले असते. वृंदात ते नेमके कोणाच्या तोंडून आले हे कानाला वेगळे काढता येत नाही, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला स्वतःला त्यातून वगळणे अवघड जाते.