एका ॲनिमोनचे दोन

१८२८ साली सर जॉन डॅलिएल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने नॉर्थ बेर्विकच्या किनाऱ्यावरून एक लाल समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोन हा फुलासारखा दिसणारा समुद्रप्राणी, उचलून घरी आणले आणि काचेच्या भांड्यात ठेवले. डॅलिएल १८५१ साली वारले. समुद्रफूल मात्र एका सांभाळणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात १८८७ सालापर्यंत जगले. त्याला पंप नव्हता, हीटर नव्हता, खास दिवेही नव्हते. मग आज हजारो रुपयांच्या यंत्रसामग्रीत ठेवलेला ॲनिमोन दीड-दोन महिन्यांत विरघळून का जातो?

कारण तो प्राणी वेगळा होता. डॅलिएलचे समुद्रफूल भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले, ऊनपाऊस सोसणारे आणि निव्वळ भक्ष्यावर जगणारे होते. आपल्याकडे घरच्या टाकीत येतो तो बहुधा बबल टिप ॲनिमोन, शास्त्रीय नाव एंटाक्मिया क्वाड्रिकलर. हा उष्ण समुद्रातल्या प्रवाळखडकांत राहतो. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल असते. ते प्रकाशात साखर तयार करते आणि त्यातला मोठा वाटा ॲनिमोनला मिळतो. म्हणजे ॲनिमोन पाळणे ही अर्धी शेती आहे. शेवाळ जगले तर धनी जगतो. पांढराफटक ॲनिमोन दुकानात ‘रेअर’ म्हणून महाग विकला जातो, तो खरे तर शेवाळ गमावलेला, उपाशी प्राणी असतो. भडक पिवळा किंवा जांभळा दिसला तर रंगात बुडवून काढल्याची शंका घ्यावी. निरोगी प्राण्यात तपकिरी, हिरवट किंवा लालसर झाक असते, तोंड मिटलेले असते आणि पाय, म्हणजे खालची चिकट तबकडी, कुठेही फाटलेली नसते.

टाकी किमान १५० लिटरची असावी, आणि जुनी असावी. नव्या टाकीत अमोनिया व नायट्राइट (मळ कुजून होणारी विषारी द्रव्ये) शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात, पण तेवढ्याने ॲनिमोनची सोय होत नाही. त्याला स्थैर्य हवे, आणि टाकी स्थिरावायला निदान सहा महिने जातात. घनता १.०२५ ते १.०२६, तापमान २५ ते २७ अंश सेल्सियस, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) ८ ते ९ डीकेएच या मापात, नायट्रेट २ ते १० पीपीएम (दशलक्षात भाग) हे आकडे सांभाळावेत. नायट्रेट अगदी शून्यावर नेण्याचा हट्ट करू नये. शेवाळालाही खत लागते.

पाण्यात आपल्याकडे एक फसगत ठरलेली. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्रात चव राखण्यासाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर बसवलेला असतो. तो थोडे कच्चे पाणी परत मिसळतो. ते पाणी पिण्यास उत्तम, टाकीला नको. आरओनंतर डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार शोषणारी, नळी जोडून टीडीएस शून्य आलेले पाणी घ्यावे. २० लिटरला साधारण ७५० ग्रॅम सागरी मीठ लागते, पण शेवटचा शब्द खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा, आणि तो ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मिठाच्या) द्रावणाने जुळवून घेतलेला असावा. बाष्पीभवनाने पाणी घटले की भर गोड्या पाण्याची घालावी. पाणी उडते, मीठ टाकीतच राहते. खारे पाणी ओतत राहिल्यास उन्हाळ्यात घनता हळूहळू चढते आणि ॲनिमोन का आकसला याचा उलगडा होत नाही.

मुंबईत एप्रिल-मेमध्ये टाकीचे पाणी सहज ३० अंशांवर जाते. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, पण दमट हवेत पंख्याचा जोर ओसरतो. तिथे चिलरला, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवरचा एअर पंप आधी घ्यावा, ॲनिमोन नंतर. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे बंद पडलेली टाकी उन्हाळ्यात लवकर गुदमरते.

नवा ॲनिमोन आणल्यावर पिशवी २० मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी आणि मग तासभर पिशवीत टाकीचे पाणी थेंबथेंब सोडत नव्या पाण्याची सवय करावी. पंप थोडा वेळ बंद करून त्याला खडकाच्या कपारीजवळ ठेवावे. पाय कपारीत आणि शुंडके (तोंडाभोवतीचे लांबट हात) उजेडात, ही त्याची आवडती बैठक. दिवा आधी मंद ठेवून दोन आठवड्यांत वाढवावा. पार मीटर (शेवाळाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारे यंत्र) असेल तर १५० ते २५० हा पल्ला पुरे. जागा पसंत नसेल तर तो चालू लागतो, बहुधा रात्री. पंपाच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी लावलेली नसेल तर सकाळी पाण्यात त्याचा चुरा दिसतो आणि त्यापाठोपाठ चढलेल्या अमोनियाने मासेही जातात. ॲनिमोनच्या मृत्यूचे हे सर्वांत टाळता येण्यासारखे कारण आहे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबेयुक्त औषधे मिळतात. ती मुख्य टाकीत कधीही घालू नयेत. तांबे माशाला वाचवते, ॲनिमोनला मारते.

खाणे आठवड्यातून एकदा-दोनदा. बिनमिठाची कच्ची कोळंबी हरभऱ्याच्या दाण्याएवढी कापून द्यावी. मोठा तुकडा तो गिळतो आणि दुसऱ्या दिवशी ओकतो. तोंडातून तपकिरी धागे बाहेर आले तर घाबरू नये. त्याला एकच द्वार असते, मळही तिथूनच पडतो. दिवसातून एखाद्या वेळी तो फुग्यातली हवा गेल्यासारखा लोळागोळा होतो, तेही अंगातले पाणी बदलणे. शुंडकांच्या टोकांचे फुगे गेले म्हणजेही आजार नव्हे. तोंड दिवसभर वासून आतला भाग बाहेर लोंबणे, पाय सुटून प्रवाहात भिरभिरणे आणि कुजका वास, ही मात्र खरी धोक्याची लक्षणे. वास आला की त्याच मिनिटाला बाहेर काढावा.

आता पैदाशीचे. निसर्गात ॲनिमोन नर किंवा मादी असतात. अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात, त्यातून पोहणाऱ्या अळ्या होतात. घरी ही वाट जवळजवळ बंद आहे, कारण एकाच ॲनिमोनपासून फुटलेली सगळी मंडळी एकाच लिंगाची असतात. दहा ॲनिमोन दिसले तरी वंशाच्या दृष्टीने ते एकच. टाकीत त्याने बीज सोडलेच, तर पाणी दुधाळ होते आणि स्किमर, म्हणजे फेसातून मळ काढणारे यंत्र, उतू जातो. पाणी गाळणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन घालून २०-२५ टक्के पाणी बदलावे.

घरची खरी वाट म्हणजे दुभंगणे. पाय दोन दिशांना ओढत जातो, मधोमध फाटतो आणि काही तासांत किंवा दिवसांत दोन प्राणी होतात. याच्या दोन तऱ्हा असतात, आणि त्यातच बरेच जण चुकतात. भरपूर खाऊन वाढलेला ॲनिमोन दुभंगतो, तसा त्रासलेलाही दुभंगतो. एकदम मोठा पाणीबदल किंवा तापमानातला झटका यानंतर झालेली ‘पैदास’ साजरी करण्याआधी आकडे मोजावेत.

हाताने कापायचे असेल तर प्राणी तळहातापेक्षा मोठा, काही महिने एकाच जागी रमलेला हवा. तीन दिवस उपाशी ठेवावा. हातमोजे घालावेत, त्याच्या दंशपेशी नाजूक कातडीला झोंबतात. पाय खडकावरून ओरबाडू नये. खडक उलटा करून त्याला आपण होऊन सरकू द्यावे किंवा पायाजवळ बर्फाचा खडा धरावा. प्लास्टिकच्या पाटावर, टाकीच्याच पाण्याने धुतलेल्या नव्या ब्लेडने तोंडाच्या बरोबर मधून एकाच दाबात पायापर्यंत कापावे. कात्रीने पेशी चेंगरतात. दोन्ही अर्ध्यांना तोंडाचा आणि पायाचा भाग मिळाला पाहिजे. ज्याला तोंड येत नाही तो बहुधा वाचत नाही. अर्ध्या भागांना मंद प्रवाहातल्या जाळीच्या डब्यात ठेवावे. काही दिवसांत कड आत वळून नळी बनते. दोन आठवडे खायला घालू नये. कार्पेट ॲनिमोनवर हा प्रयोग करू नये, तो सहसा दगावतो.

नव्या पिल्लांना मोठ्या क्लाउनफिशपासूनही, म्हणजे ॲनिमोनमध्ये राहणाऱ्या माशापासूनही, जपावे लागते. ‘मरून’ (गडद तांबड्या) जातीचा क्लाउनफिश नाण्याएवढ्या ॲनिमोनला दिवसभर अंग घासून उघडूच देत नाही. वर प्लास्टिकची चाळणी उपडी टाकली की महिनाभराची सवड मिळते.

पैदास नको असते तेव्हा हेच सामर्थ्य उलटते. खडकाबरोबर चुकून येणारी एप्टेशिया ही ॲनिमोनची छोटी तपकिरी जात पायाचे कण मागे सोडत पसरते. चिमट्याने चिरडली तर प्रत्येक तुकड्यातून नवी उगवू शकते. तिच्या तोंडावर सिरिंजने कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सोडतात, पंप बंद ठेवून, एका वेळी दोन-चारच. जास्त सोडली तर पाण्याचा पीएच उसळतो. रसायन पानाच्या चुन्याचेच, पण टपरीवरची डबी वापरू नये.