फेस फरशीला आला, ओट्याला नाही : अ‍ॅसिड आणि आपल्या घरातले दगड

नांदेडला आमच्या घरी नवा ओटा बसवला, तेव्हा सांध्यांतून ओघळलेलं सिमेंट काढायला मिस्त्रीने बाटलीतलं अ‍ॅसिड ओतलं. ग्रॅनाइटला काहीच झालं नाही. ओघळ खाली शहाबादी फरशीवर उतरला आणि फस्सकन फेस आला. पाणी मारून पुसलं, तर दोन फरशांवर पांढरट, खरबरीत चट्टे उरले होते.

शहाबादी म्हणजे चुनखडक, बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर मिस्त्रीच्या बाटलीतलं हायड्रोक्लोरिक आम्ल पडलं की कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो. फेस असतो तो या वायूचा. चुन्याच्या दगडात असा वायू बांधलेला असतो आणि तो साध्या हवेहून वेगळा असतो, हे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवलं. आजही भूवैज्ञानिक पातळ आम्लाची छोटी बाटली जवळ बाळगतात. दगडावर थेंब टाकायचा आणि फसफसतो का ते पाहायचं.

ग्रॅनाइट फसफसत नाही. त्यातली क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक ही खनिजं सगळी सिलिकेट घराण्यातली. त्यांची सिलिकॉन-ऑक्सिजनची वीण तोडायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, जे काचही खातं. पण एक सांगायलाच हवं. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळणारा दगड पुष्कळदा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट नावाचा वेगळा दगड असतो. त्यातल्या कॅल्शियमवाल्या फेल्डस्पारवर आम्लाचा हळूहळू परिणाम होतो, आणि चकाकी जाते.

हे दगड आपल्या घरात आले कुठून? शहाबाद गाव आज कर्नाटकात आहे, पण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत ते आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. फरशी गावाच्या नावानेच ओळखली गेली. जुन्या ओट्यांचा काळा कडप्पा आंध्रातल्या कडप्याचा. तोही चुनखडकच, म्हणून लिंबाची फोड त्यावर रात्रभर राहिली की सकाळी डाग दिसतो. चिंचेचं कोळ सांडलं तरी तेच. ग्रॅनाइट मात्र आपल्या घरचा म्हणता येईल. देगलूर-बिलोलीकडे तो उघड्यावर दिसतो, कारण नांदेडच्या त्या टोकाला दख्खनचा लाव्हा संपतो. बाकी मराठवाड्यात जुना पायाखडक बेसॉल्टखाली, म्हणजे त्या लाव्हाच्या थिजून झालेल्या काळ्या दगडाखाली, दडलेला आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट आणि थोडा गाळ ओलांडल्यावरच तो लागला.

वेरूळची लेणी ज्यात कोरली, तो बेसॉल्टही थेंबाने फसफसत नाही. त्याच्या पोकळ्यांतली पांढरी खडी मात्र फसवते. ती कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक, असेल तर उसळते, सिलिकेट घराण्यातलं झिओलाइट असेल तर तशी उसळत नाही. याच बेसॉल्टची झीज होऊन काळी माती झाली, आणि त्यातून सुटलेलं कॅल्शियम कमी पावसामुळे धुऊन न जाता मातीत चुनखडीच्या खड्यांच्या रूपात साचलं. मोसंबीवाल्यांना ही चुनखड जमीन चांगली ठाऊक आहे. पानं पिवळी पडतात, कारण मुळांना लोह मिळत नाही. मातीच्या ढेकळावर पातळ आम्ल टाकलं तर तीही फसफसते.

चुना आला की छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा आठवतो. सतराव्या शतकाच्या मध्यानंतरची ही वास्तू. घुमट आणि खालचा काही भाग संगमरवराचा, बाकी बराचसा चुन्याचा गिलावा. संगमरवर काय, गिलावा काय, दोन्ही आम्लापुढे शहाबादीचेच भाऊबंद. असल्या भिंतीवरचा डाग अ‍ॅसिडने काढायचा म्हणजे भिंतच काढायची.

आमच्या फरशीवरचे चट्टे घासून, पुसून, तेल लावून पाहिले. गेले नाहीत, कारण तिथे डाग नव्हताच, दगडाचा वरचा थरच विरघळून गेला होता. शेवटी पॉलिशवाल्याला बोलावलं, त्याने सगळी खोली घासून आजूबाजूच्या फरशीची पातळी त्या दोन फरशांपर्यंत उतरवली.