फेट्याची जर, गळ्यातली साखळी आणि पट्ट्याचे बक्कल

रंगाऱ्याकडे पांढरे कापड दिले तर तो ते हळदी, केशरी किंवा गेरूच्या रंगाचे करून देतो. सोनेरी मात्र करून देऊ शकत नाही. लग्नसराईत नवरदेवाची शेरवानी घ्यायला बेळगावच्या बाजारात गेले की दुकानदार ‘गोल्ड’, ‘कॉपर’, ‘मेटॅलिक ग्रे’ अशी नावे सांगत ठाण उलगडतो. ही नावे ऐकायला रंगांची वाटतात, पण त्या कापडाची चमक रंगद्रव्यातून आलेली नसते. छापील नक्षीत कधी अभ्रकासारख्या पदार्थाची भुकटी असते, आणि विणलेल्या कापडात बहुधा खऱ्याखुऱ्या धातूचा अतिशय पातळ थर असतो.

साध्या सुती सदऱ्यावर पडलेला प्रकाश धाग्यांमध्ये शिरतो, रंगद्रव्य त्यातला काही भाग शोषून घेते आणि उरलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो. म्हणून तो सदरा कोणत्याही बाजूने पाहिला तरी जवळपास सारखाच दिसतो. धातूतले काही इलेक्ट्रॉन एकेका अणूला बांधलेले नसून साऱ्या तुकड्यात मोकळे फिरत असतात. प्रकाशलहर येताच ते तिच्या तालावर हलू लागतात आणि तिचा बराचसा भाग परत बाहेर पाठवतात. प्रकाश धातूत शिरतो तो जेमतेम दहा-वीस नॅनोमीटरपर्यंतच (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आणि माणसाच्या केसाची जाडी असते साधारण पन्नास हजार ते लाख नॅनोमीटर. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्रीच्या दिव्यांखाली फेट्याची जर पावलागणिक लुकलुकते ती यामुळेच, कारण तिचा प्रत्येक कण एक छोटा आरसा असतो आणि तो ठरावीक दिशेलाच प्रकाश फेकतो.

याचा पडताळा घरच्या घरी घेता येतो. पिवळे चकचकीत प्लॅस्टिकचे बटण आणि सोन्याची अंगठी दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवावी. बटणावर दिव्याचा जो ठिपका पडतो तो पांढराच राहतो, कारण प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावरून सगळे रंग सारख्याच प्रमाणात परततात. अंगठीवरचा ठिपका मात्र पिवळा दिसतो. आपला डोळा क्षणार्धात ‘हा धातू’ असे ओळखतो, त्यात या रंगीत ठिपक्याचा मोठा वाटा आहे.

चांदी सगळे दृश्य रंग जवळपास सारखेच परतवते, म्हणून ती पांढरी. मग सोने पिवळे का, या प्रश्नाचे उत्तर मला विज्ञानातल्या सर्वांत सुंदर उत्तरांपैकी एक वाटते. सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात, आणि त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या निम्म्याहून अधिक होतो. इतक्या वेगाला आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे नियम लागू होतात. काही कक्षा आकसतात, काही पसरतात आणि त्यांच्या ऊर्जांमधले अंतर कमी होते. चांदीत हे अंतर अतिनील प्रकाशाइतके असते, ते सोन्यात निळ्या प्रकाशापर्यंत खाली येते. सोने निळा प्रकाश गिळते आणि पिवळा, तांबडा परत करते. सापेक्षतेचा हा परिणाम नसता, तर कानातल्या भिकबाळीची तार चांदीसारखी पांढरी दिसली असती.

आमच्या घरी आजोबांचा एक फेटा आहे. त्याच्या पदरातला सुटलेला एक धागा मी भिंगाखाली नखाने उलगडला, तेव्हा आत पिवळसर रेशीम आणि त्याभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी तार दिसली. ही जुन्या पद्धतीची जर: चांदीची तार ओढून चपटी करायची, रेशमावर गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा द्यायचा. घड्यांच्या रेषेवर ती काळवंडली आहे, कारण मुलामा तिथे झिजला आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढवला. घरातला नवा तयार फेटा याच्या शेजारी ठेवला तर तो जास्त झळाळतो. त्याचा धागा उलगडला तेव्हा हाती आली पॉलिएस्टरची एक पातळ पट्टी. अशा पट्टीवर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवलेली असते आणि तिच्यावर पिवळ्या लाखेचा पारदर्शक थर असतो. प्रकाश लाखेतून आत जातो, ॲल्युमिनियमवर आपटतो आणि पुन्हा लाखेतून बाहेर येतो. या दोन फेऱ्यांत निळा रंग गाळला जातो. म्हणजे सोने जे काम आपल्या अणूंच्या रचनेने करते, तेच इथे दोन स्वस्त थर वाटून घेतात. लाख तांबूस केली की तोच धागा ‘कॉपर’ होतो आणि बिनरंगी ठेवली की ‘सिल्व्हर’.

ज्या बेळगावात हिंदाल्कोचा अल्युमिना (ॲल्युमिनियमचा कच्चा माल) कारखाना आहे आणि शहापूर, वडगाव, खासबागेत माग चालतात, तिथल्या वाचकाला या धाग्याचा धातू परका नाही. त्याचे गुणदोषही मग सहज समजतात. ॲल्युमिनियम चांदीसारखे काळे पडत नाही, पण अल्कलीत विरघळते. लाख झिजलेला जरीचा धागा धुण्याच्या सोड्याच्या, म्हणजे अल्कलीच्या, पाण्यात ठेवला तर त्याची चमक कायमची जाते. तापलेल्या इस्त्रीखाली पॉलिएस्टरची पट्टी आकसते आणि कापडाला चुण्या पडतात, म्हणून इस्त्री मंद ठेवून वर सुती फडके घालावे.

गळ्यातल्या ‘वन ग्रॅम’ किंवा ‘फॉर्मिंग’, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेल्या, साखळीचे गणितही थराचेच आहे. सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम. एक ग्रॅम सोने एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीने पसरले तर सुमारे ५१८ चौरस सेंटिमीटर जागा झाकते, म्हणजे जवळजवळ चार पोस्टकार्डे. चमकेसाठी याच्या दहाव्या हिश्श्याचा थरही पुरतो, आणि त्यामुळे दुकानात जाड व पातळ मुलामा डोळ्यांना वेगळा ओळखता येत नाही. फरक कळतो तो मानेवरच्या घामाने. घामातले मीठ बारीक छिद्रांतून खालच्या तांब्या-पितळेपर्यंत पोहोचते, तांब्याचे हिरवे क्षार तयार होतात आणि कॉलरवर हिरवट डाग उमटतो. मुलाम्याच्या साखळीची खरेदी करताना थर किती मायक्रॉनचा आहे हे विचारावे. वजन विचारून काही कळत नाही.

चांदीचे कडे किंवा करदोडा काळा पडला तर धातू वाया गेला असे समजू नये. सीमेपलीकडच्या हुपरीची चांदी असो वा आणखी कुठली, काळे होते ते वरचे सल्फाइड. भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरून त्यावर वस्तू ठेवावी आणि खाण्याचा सोडा घातलेले गरम पाणी ओतावे. गंधक चांदीला सोडतो आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. टूथपेस्टने घासले तर काळ्या थराबरोबर चांदीही जाते.

सगळ्यांत कमी लक्ष जाते ते पट्ट्याच्या बक्कलाकडे. काही वर्षांपूर्वी माझ्या बेंबीखाली रुपयाएवढा खाजरा चट्टा उठला आणि मी तीन महिने नायट्याचे मलम लावत राहिलो. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी सदरा वर करून बक्कलाची मागची बाजू पाहिली. वरचा चंदेरी मुलामा तिथे उडालेला होता आणि तो चट्टा नेमका तेवढाच होता. कारण होते निकेल. घामात निकेलचे आयन (विद्युतभारित अणू) सुटतात, त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांना शत्रू समजू लागते. एकदा ही ओळख पटली की ती सहसा जन्मभर टिकते. जीन्सचे बटण, घड्याळाचा पट्टा, स्वस्त कडे या सगळ्यांतून हे घडू शकते. युरोपीय संघाने त्वचेला दीर्घकाळ टेकणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये, अशी मर्यादा घातली आहे. तपासणीही सोपी आहे: डायमिथाइलग्लायॉक्सिमच्या द्रावणाने भिजवलेला कापसाचा बोळा वस्तूवर घासायचा, आणि तो गुलाबी झाला तर निकेल सुटते आहे.

हा शब्द ‘सुटते’ असा मुद्दाम लिहिला आहे. चांगल्या घड्याळांच्या कवचासाठी वापरल्या जाणाऱ्या ३१६ एल जातीच्या स्टेनलेस पोलादात १० ते १४ टक्के निकेल असते, तरी बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, कारण त्यातल्या क्रोमियमचा काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड थर निकेलला आत अडवून धरतो आणि ओरखडा पडला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन पुन्हा आपोआप सांधतो. मुलाम्याला हे जमत नाही. तो गेला की गेला. सोनेरी घड्याळ हवे असेल तर टायटॅनियम नायट्राइडचा थर दिलेले पोलाद मला बरे वाटते. या संयुगातही मोकळे इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे सोन्याचा कण नसताना ते सोन्यासारखे दिसते आणि पोलादापेक्षा कितीतरी कठीण असते. माझ्या पट्ट्याला आता बिनमुलाम्याचे स्टेनलेस स्टीलचे बक्कल आहे. रंगाने ते जुन्यापेक्षा किंचित करडे दिसते, आणि चट्टा दीड महिन्यात गेला.